पन्नास वर्षं उघडू नये

"विषय काय लिहू?" आवक-जावकच्या कारकुनाने विचारलं.

"काहीच लिहू नका," रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या.

"'काहीच नाही' हा विषय होत नाही, बाई."

बाई तीन जिने चढून आल्या होत्या आणि गुडघे बोलत होते. विद्यापीठाच्या इमारतीत लिफ्ट होती, पण ती पुढच्या बाजूला, कुलगुरूंच्या दालनापर्यंत. आवक-जावक विभाग मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे जायला जिन्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विद्यापीठातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर जो गोल शिक्का बसतो, तो इथे, टेबलाच्या खणाला सुतळीने बांधलेला. त्यावरून त्या कारकुनाला सगळे शिक्केसाहेब म्हणत. सव्वीस वर्षांत ती सुतळी चार वेळा बदलली होती. शिक्केसाहेब मात्र तेच होते, आणि त्यांचा नियमही तोच होता: आधी रजिस्टरमध्ये नोंद, मग शिक्का.

"हे पाहा, रकाने चार," शिक्केसाहेबांनी शांतपणे बोट फिरवलं. "जावक क्रमांक, तारीख, कोणाला, विषय. पहिले दोन मी भरले. पुढचे दोन तुम्ही सांगा."

"तेच तर सांगता येत नाही ना!"

"मग मलाही शिक्का मारता येत नाही ना."

आता यात चूक कोणाचीच नव्हती, आणि पंचाईत होती ती हीच. जगातला सगळ्यात मोठा म्हणतात तो विज्ञानाचा पुरस्कार आहे ना, त्याच्या समितीने बाईंना एक फॉर्म पाठवला होता. तुमच्या मते या वर्षी हा पुरस्कार कोणाला मिळावा, त्या एका व्यक्तीची शिफारस करा. मान मोठा होता. दरवर्षी जगभरातल्या मोजक्या प्राध्यापकांना असा फॉर्म जातो. पण त्याबरोबर जाड अक्षरांत एक अटही होती. आपण शिफारस केली आहे, कोणाची केली आहे, हे कोणालाही, म्हणजे कोणालाही, सांगायचं नाही. ज्याची केली त्याला तर नाहीच नाही. पन्नास वर्षं! आणि फॉर्म कागदावरच हवा, सही हातची हवी, पाकिटाच्या तोंडावर संस्थेचा शिक्का हवा. शुक्रवारी चार वाजता कुरियरवाला येणार, त्याच्या हाती पडला तरच वेळेत पोहोचेल. आज मंगळवार होता.

फॉर्म भरायला बाईंना दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. नाव डोक्यात तयारच होतं. मोठे सर! बाईंचे गुरू. पत्र्याचं छप्पर गळणाऱ्या प्रयोगशाळेत, जॅमच्या रिकाम्या बरण्यांमध्ये प्रयोग करून त्यांनी लस साखरेच्या काचेसारख्या पापुद्र्यात बंद केली होती. त्यामुळे ती उन्हात ठेवली तरी बिघडत नसे, बर्फ लागत नसे. पुढे सगळ्या जगाने ती युक्ती उचलली, आणि सरांचं नाव कुठल्या तरी तळटिपेत राहिलं. सर आता शहाऐंशी वर्षांचे होते, मुलीकडे राहत होते. तो पुरस्कार माणूस गेल्यावर देत नाहीत. या वर्षी नाही तर कदाचित कधीच नाही, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी ठरवलं होतं की आकाश कोसळलं तरी हे पाकीट जाणार.

"खोटा विषय लिहू का एखादा?" शिक्केसाहेबांनी विचारलं, आणि चष्म्यावरून पाहिलं. "'परीक्षानळ्यांची मागणी' वगैरे?"

"मी चौतीस वर्षांत खोटी नोंद कधी केलेली नाही."

"मीही नाही. विचारून बघितलं," शिक्केसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "गोपनीय पत्रांचं रजिस्टर वेगळं असतं. त्यात विषय लिहावा लागत नाही. पण त्याला उपकुलसचिवांची सही लागते."

बाई तीन जिने उतरल्या.

बुधवारी सकाळी त्या उपकुलसचिवांसमोर बसल्या. उपकुलसचिव म्हणजे लोण्यासारखा माणूस. बोलणं मऊ, हात मऊ, आणि पोटात काही म्हणता काही राहत नाही. त्यांनी "अवश्य, अवश्य" म्हणत पाकीट हातात घेतलं, पालथं केलं, सुलटं केलं, पत्ता वाचला. त्यांच्या भुवया थेट केसांपर्यंत गेल्या.

"बाई! म्हणजे हे ते..."

"मी काही बोलणार नाही."

"म्हणजे आपण कोणाची तरी..."

"मी काही बोलणार नाही, साहेब. सही करा."

"करतो ना! करणारच!" त्यांनी पाकीट जपून खाली ठेवलं. "फक्त एक सांगतो. आमचे मेहुणे. परदेशी असतात. मातीवर फार काम आहे हो त्यांचं, फार. म्हणजे मी काही सुचवत नाही, तुम्ही जाणत्या आहात. त्यांची माहिती पाठवतो दुपारपर्यंत. ती बघा, मग सही काय, केव्हाही."

बाईंच्या ओठांवर आलं होतं, 'तुमच्या मेहुण्यांचा काही संबंध नाही.' पण त्या शास्त्रज्ञ होत्या, आणि शास्त्रज्ञाचं डोकं नको तिथे जरा जास्तच चालतं. आज याला 'तुमचे मेहुणे नाहीत' म्हटलं, उद्या दुसऱ्याला 'तुम्ही नाही' म्हटलं, की वजाबाकी करत करत कोणीही मोठ्या सरांपर्यंत पोहोचेल. नकार हीसुद्धा माहितीच. अट म्हणजे अट. तेव्हा 'हो' नाही की 'नाही' नाही, तोंड बंद ठेवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि लगेच अमलातही आणलं.

उपकुलसचिवांनी तो होकार समजला. त्यांचा चेहरा असा काही उजळला की बाईंना स्वतःचाच राग आला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या इमारतीत झाली. दोन वाजता भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख दारात उभे. त्यांच्यामागे दोन शिपाई, आणि शिपायांच्या हातात व्हॅक्यूम पंप. हा पंप बाईंच्या विभागाचा. चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेलेला. त्यासाठी बाईंनी अकरा पत्रं लिहिली होती आणि एकदा तर दोघांचं भर सभेत वाजलं होतं.

"तुमचा पंप, बाई. तेल बदलून आणलाय," भौतिकवाले म्हणाले.

"बरं झालं."

"आणि ही माझ्या शोधनिबंधांची यादी. सहज आणली. टेबलावर ठेवतो हं, वारा आला तर उडेल म्हणून पंप वर ठेवतो." ते घुटमळले. "बाई, आपल्यात मतभेद झाले असतील. पण तुमची दृष्टी नेहमीच मोठी आहे, हे मी पाठीमागेसुद्धा म्हणतो. विचारा कोणालाही."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"समजलो," भौतिकवाले भारावून म्हणाले आणि पाठमोरे न होता, मागे मागे सरकत दाराबाहेर गेले.

बघा, नुसतं गप्प बसून काय काय होतं! गुरुवारी सकाळी बाई विभागात आल्या तर छपरावर माणसं. प्रयोगशाळेचं गळकं छप्पर नऊ वर्षं 'प्रस्तावित' होतं. ते दुरुस्त करायला कुलगुरूंनी स्वतः माणसं पाठवली होती. मागोमाग कुलगुरूंचा फोन आला. आवाजात मध.

"बाई, छप्पर बघितलंत ना? असे विभाग म्हणजे विद्यापीठाचं भूषण. तुम्हाला आठवत असेल, माझी पीएचडीसुद्धा रसायनाचीच. उकळत्या द्रवांच्या फेसावर. तेव्हा लोक हसले होते हो. पण फेसाचे दिवस आता आलेत."

बाईंनी फोनवर काय खिडकीबाहेर बघायचं! त्या गप्प राहिल्या. पलीकडून कुलगुरूंनी दोनदा "आभारी आहे" म्हटलं आणि फोन ठेवला.

उपकुलसचिवांची सही मात्र होईना. ते दर दोन तासांनी मेहुण्यांचा एक नवीन कागद पाठवत होते. बायोडेटा झाला, मग मातीचे फोटो झाले, मग मेहुण्यांचा मातीबरोबर फोटो झाला. "एवढं नजरेखालून घाला, की मी सही करून मोकळा," असं ते म्हणायचे आणि मोकळे काही व्हायचे नाहीत. बाई त्यांच्या दालनात दोन दिवसांत पाच वेळा गेल्या. पाचव्या वेळी त्यांना कळून चुकलं की हा माणूस शुक्रवार उलटेपर्यंत सही करणार नाही, कारण सही झाली की बाई हातातून गेल्या. त्यांनी पाकीट उचललं, पर्समध्ये घातलं आणि सरळ मागच्या जिन्याकडे वळल्या.

घरी तरी सुटका होती का? नाव काढू नका. बाईंचे यजमान लेखक. दोन कादंबऱ्या छापलेल्या, तिसरी अकरा वर्षं चालू. गोष्ट सतराव्या प्रकरणात अडलेली, नायक बंदरावर बोटीची वाट बघत उभा, आणि बोट काही येईना. विद्यापीठातली बातमी कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोहोचवली. बुधवारी संध्याकाळी बाई घरात शिरल्या तर समोर चहा. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने चहा केला होता तो फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा पातेलं जळलं होतं.

"अगं, ते पुरस्कार नुसते शास्त्रज्ञांनाच देतात का गं?" यजमानांनी बशी पुसत विचारलं. "लेखकांनाही असतो ना एक?"

"असतो."

"हं. आणि तो शिफारस करणारा माणूस... घरचा असला तरी चालतो?"

बाईंना खरं तर हसू आलं. हा आपला माणूस. याला एका शब्दात सांगता येईल की बाबा रे, फॉर्म विज्ञानाचा आहे, तुझा त्यात काही संबंध नाही. पण 'कोणालाही' म्हणजे घरच्यांनाही, हे त्या कागदावर लिहिलेलंच होतं. शिवाय तीस वर्षांत तो इतक्या आशेने आपल्याकडे बघतोय हे पहिल्यांदाच, आणि ते मोडायचा त्यांना धीरच झाला नाही. त्या खिडकीबाहेर बघत चहा प्यायल्या. चहा चांगला झाला होता.

"कळलं," यजमान हळूच म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन टेबलाशी बसले. गुरुवारी सकाळी बोट बंदराला लागली होती.

इकडे गुरुवारी दुपारी बाई पुन्हा तीन जिने चढल्या. शिक्केसाहेब पाकिटांवर शिक्के मारत होते, एका लयीत, ठप्प, ठप्प, ठप्प.

"सही आणलीत?"

"नाही. मिळणार नाही."

"मग अवघड आहे."

"शिक्केसाहेब," बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, धाप लागली होती. "हे पाकीट उद्या गेलं नाही, तर एका माणसावर अन्याय होईल. तो पुन्हा भरून काढता येणार नाही. कोणावर ते मी सांगणार नाही. खोटं लिहिणार नाही. आणि शिक्का घेतल्याशिवाय जाणारही नाही. आता बोला."

शिक्केसाहेबांचा हात थांबला. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं, मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली.

"बसा, बाई. गेल्या दोन दिवसांत माझ्याकडे सात जण येऊन गेले. पाकिटात कोणाचं नाव आहे ते बघून सांगा म्हणून. मी म्हटलं, मी पाकिटं वाचत नाही, रकाने भरतो." त्यांनी घसा खाकरला. "सव्वीस वर्षं लोक मला खोटे विषय देतायत. 'शैक्षणिक' म्हणून लग्नाच्या पत्रिका जातात इथून. तुम्ही एकट्याच अशा, की सांगणार नाही हे खरं खरं सांगितलंत. मला तुमचं काम करायचंय. पण नियमात बसवून करायचंय."

"मग बसवा की!"

"पूर्वीचा दाखला लागेल. म्हणजे यापूर्वी कधी, विषय न कळवता पाकीट गेलं असेल, तर त्या आधारावर तुमचंही जाईल. दाखला असला की मी कोणाच्या बापाला भीत नाही."

"असा दाखला असेल कुठे?"

शिक्केसाहेबांनी मागच्या भिंतीकडे मान वळवली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी कपाटं होती, आणि त्यांत पन्नास-साठ वर्षांची रजिस्टरं लाल फडक्यांत बांधून ठेवलेली. "असलाच तर त्यात. पण शोधायला रीतसर अर्ज लागतो."

बाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. शिक्केसाहेबांनी तो आवक रजिस्टरमध्ये चढवला, त्यावर शिक्का मारला, बाह्या वर केल्या आणि शिडी ओढली.

शुक्रवार उजाडला. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. बाईंचं लक्ष कशातच लागेना. त्यांनी विद्यार्थ्यांना तोच धडा दोनदा शिकवला, आणि नव्या छपराच्या धाकाने कोणी काही बोललं नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

"बाई, वर या," शिक्केसाहेबांचा आवाज होता. "पाकीट घेऊन या. आणि हळू या, घाई करून पडाल."

बाई पळत गेल्या. हो, पळत! अठ्ठावन्नाव्या वर्षी, तसल्या गुडघ्यांनी, मधल्या वळणावर उपकुलसचिव मेहुण्यांचा आणखी एक कागद घेऊन उभे होते त्यांना चुकवून, तीन जिने.

शिक्केसाहेब धुळीने पांढरे झाले होते, पण चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरात लेकरू जन्मलं. टेबलावर एक चपटं गाठोडं होतं. तपकिरी कागदात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, आणि गाठीवर लाखेचा ठसा.

"दाखला!" ते म्हणाले. "खालच्या कपाटात, अगदी मागे होता. माझ्या आधीच्या कारकुनाने बांधलेला, आणि कसं केलं ते सांगणारी त्याची चिठ्ठीही सुतळीत खोचलेली. मी लागायच्या पाच वर्षं आधी. असंच पाकीट, असाच हट्ट, दिसतंय ना? त्याने काय डोकं लढवलं बघा. एका नोंदीपुरतं वेगळं रजिस्टर केलं. नोंद पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने केली, पूर्ण, खरी, विषयासकट. कारकुनाने पाठ फिरवली. मग रजिस्टर बांधून लाख लावली. नोंदही झाली आणि वाचलीही कोणी नाही. वा! अशी माणसं आता राहिली नाहीत."

"पण जुनी रजिस्टरं कधी ना कधी नष्ट करतातच ना?"

"नष्ट करायच्या यादीत शेवटी 'अपवाद' असा एक रकाना आहे. सव्वीस वर्षं मला वाटायचं, हा कशाला ठेवलाय. आता कळलं."

त्यांनी एक कोरी वही काढली, रेघा मारल्या, रकाने पाडले, आणि बाईंच्या हातात पेन देऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी लिहिलं. कोणाला, ते लिहिलं. विषय, तोही पूर्ण लिहिला. मोठ्या सरांचं नाव लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, आणि बरं झालं पलीकडे पाठ होती. मग शिक्केसाहेब वळले, पाकिटावर शिक्का ठेवला आणि सगळा भार टाकून मारला. ठप्प! चार वाजून दोन मिनिटांनी कुरियरवाला पाकीट घेऊन जिना उतरला, आणि बाई त्याच्या पाठीकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

"आता हे बांधून टाकू," शिक्केसाहेब म्हणाले. वही तपकिरी कागदात गेली, सुतळी बसली, मेणबत्तीवर लाख वितळली. "वर काय लिहायचं, ते जुन्यावर आहे तसंच लिहू. दाखल्याबाहेर नको जायला." त्यांनी जुनं गाठोडं दिव्याखाली ओढलं आणि मोठ्याने वाचलं. "'पन्नास वर्षं उघडू नये. पाठवणार: विभागप्रमुख, रसायनशास्त्र.' अरे! तुमच्याच विभागाचं आहे की."

बाईंनी वाकून पाहिलं. अक्षर जरा डावीकडे कललेलं, 'र' लांब शेपटीचा. हे अक्षर त्यांनी आपल्या प्रबंधाच्या पानापानावर पाहिलं होतं, समासात, लाल शाईने. खाली तारीख होती. एकतीस वर्षांपूर्वीची.

एकतीस वर्षांपूर्वी मोठे सर विभागप्रमुख होते. एकतीस वर्षांपूर्वी बाई सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी त्यांनी तो एक प्रयोग केला होता, आयुष्यातला सगळ्यात सुरेख. सरांनी तो पाहिला होता, चष्मा काढून पुसला होता आणि म्हणाले होते, "ठीक आहे." बस्स. सरांनी कोणाचं कौतुक केलेलं कोणी ऐकलं नव्हतं, आणि बाईंना एकतीस वर्षं ते 'ठीक आहे' अधूनमधून टोचत आलं होतं.

"आणखी एकोणीस वर्षं राहिली याची," शिक्केसाहेब हिशेब करून म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, मी भिंतीकडे तोंड करू का? लाख जुनी आहे, सहज सुटेल."

बाईंचा हात पुढे गेला. गेला, खोटं कशाला सांगा. बोटं सुतळीला लागलीसुद्धा. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला.

"कपाटात ठेवा," त्या म्हणाल्या. "अगदी मागे. आणि माझं त्याच्या शेजारी."

रविवारी बाई नेहमीप्रमाणे मोठ्या सरांना भेटायला गेल्या. दार सरांच्या मुलीने उघडलं.

"या ताई. बाबा कधीचे वाट बघतायत."

सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, हातात भिंग, मांडीवर वर्तमानपत्र. तब्येतीचं विचारून झालं, औषधांचं विचारून झालं. बाईंनी दोनदा विषय काढायचा म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःला बजावलं की तू रसायनशास्त्राची विभागप्रमुख आहेस, त्या भौतिकवाल्यासारखं करू नकोस. आणि मग भौतिकवाल्याहून वाईट सुरात म्हणाल्या,

"सर, फार पूर्वी... मी पीएचडी केली त्या सुमारास... तुम्हाला बाहेरून एखादा फॉर्म वगैरे आला होता का हो? शिफारशीचा?"

सरांनी भिंग खाली ठेवलं. बाईंकडे क्षणभर पाहिलं. मग शांतपणे मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले.

बाई थांबल्या. सर बघतच राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर एक पाइप. बऱ्याच वेळाने सर तिकडेच बघत म्हणाले, "का गं? तुला आला की काय?"

आता बाईही खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सरांची मुलगी चहा घेऊन आली तेव्हा दोघं गुरुशिष्या एकाच पाइपाकडे टक लावून बसलेले. "काय चाललंय बाहेर?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाले.

निघताना बाई वाकल्या, तेव्हा सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तसा तो नेहमीच ठेवायचे. पण आज जरा जास्त वेळ ठेवला. निदान बाईंना तरी तसं वाटलं. जिना उतरताना त्यांनी शास्त्रज्ञाच्या शिस्तीने स्वतःला समजावलं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. त्या गाठोड्यात कोणाचंही नाव असू शकतं. विभागात तेव्हा आणखी किती तरी जण होते, जगात तर लाखो होते. हे सगळं त्यांना पटलं, अगदी पूर्ण पटलं. आणि तरीही घरापर्यंतचा रस्ता त्या गुणगुणत चालल्या.

घरी यजमान कादंबरीच्या विसाव्या प्रकरणात होते. चहा झाकून ठेवला होता.

"अहो," बाई पर्स ठेवत म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी मी फिरायला जाणार. रोज. आणि त्या गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या."

"अचानक? काय झालं?"

"काही झालं नाही. सत्याहत्तराव्या वर्षी मला तीन जिने चढायचे आहेत. आणि मी ते चढणारच."

यजमानांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला, मग एकदम फुलला.

"तिथल्या व्यासपीठाला एवढ्या पायऱ्या असतात?" त्यांनी विचारलं. "मग मीही येतो फिरायला."

बाईंनी चहाचा कप उचलला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.